समाईक खापरपणजा

दोन कमिट दिले असता दोघांच्याही वाडवडिलांत मोडणारा सर्वांत जवळचा कमिट शोधणे, याला गिट या प्रणालीत ‘मर्ज-बेस’ काढणे म्हणतात. जालना जिल्ह्यात हे काम गिटच्या कितीतरी आधीपासून चालते. तिथे त्याची सुरुवात ‘कोण्या गावचे पाव्हणे?’ अशी होते आणि शेवट ‘म्हणजे तुमचे पणजोबा अन् आमचे खापरपणजोबा सख्खे भाऊ!’ असा होतो. गिटला यासाठी सेकंदाचा काही भाग पुरतो. दुसऱ्या पद्धतीला एक एसटीचा प्रवास लागतो. अंबड ते जालना एवढा प्रवास सहसा पुरतो. भोकरदनहून परतूरला निघालेल्यांना आणखी दोन पिढ्या वर जाता येते.

गिट म्हणजे रस्त्यावर अंथरायची गिट्टी नव्हे, इडलीच्या तयार पिठाचे पाकीटही नव्हे. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ही प्रणाली लिहायला घेतली. ब्रिटिश बोलीत या शब्दाचा अर्थ फारसा गौरवाचा नाही; आपण प्रत्येक निर्मितीला आपलेच नाव देतो, असा खुलासा टोरवाल्ड्स यांनी केला होता. एकाच मजकुरावर अनेक जण वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न विचारता काम करतात आणि शेवटी ते सगळे काम एकत्र आणायचे असते. या एकत्र आणण्याला ‘मर्ज’ म्हणतात. मराठवाड्याच्या कानाला उर्दूच्या वळणाने ‘मर्ज’ म्हणजे दुखणे असे ऐकू येते आणि हा अर्थ लावणाऱ्याला सहसा पस्तावावे लागत नाही.

कमिट म्हणजे काय ते समजायला संगणक लागत नाही, फेरफार पुरतो. सातबारा हे जमिनीचे आजचे चित्र. ते असे कसे झाले याचा हिशेब गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो: क्रमांक, तारीख, कोण वारला, कोणी विकले, वाटणीत कोणाला किती आले. नोंद धरली की संबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतात आणि मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. हाताने लिहायच्या सातबाऱ्यावर मंजुरीपर्यंत नवे नाव पेन्सिलीने लिहीत. मंजुरी आली की शाई. गिटमध्येही बदल थेट घरात घेत नाहीत. आधी ओसरीवर बसवतात आणि मगच कमिट करतात.

सातबाऱ्यावर जुने नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि ज्या फेरफाराने नवे नाव आले त्याचा क्रमांक वर्तुळात लिहितात. त्यामुळे कोणती ओळ कोणाच्या काळात, कशाने आली ते वर्तुळावर बोट ठेवून सांगता येते. गिटमध्ये हीच चौकशी करणाऱ्या आज्ञेचे नाव ‘ब्लेम’ आहे. तलाठ्याच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या दोन भावांचा हेतूही तोच असतो. त्यासाठी त्यांना वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही.

फेरफाराला चढता क्रमांक असतो, कमिटला चाळीस अक्षरी खूण असते. ही खूण कमिटच्या मजकुरातूनच गणिताने निघते आणि त्या मजकुरात बापाची खूणही धरलेली असते. म्हणजे आज्याच्या नोंदीत एक काना बदलला तरी बापाची खूण बदलते, मग लेकाची, मग नातवाची. खालच्या कोणालाही न कळता वरच्या पिढीत हात घालता येत नाही. ही सोय महसूल खात्यात असती, तर जिल्ह्यातली बरीच दिवाणी प्रकरणे उभीच राहिली नसती आणि बऱ्याच वकिलांनी मोसंबीची बाग लावली असती.

कमिट आपल्या बापाचे नाव धरून असतो; मुलांची नावे त्याला ठाऊक नसतात. ही रीतही जालन्याला नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळच्या कागदांत माणूस ‘अमका वल्द तमका’ असा येतो. वल्दच्या पुढे बाप. आजा हवा असेल तर बापाची नोंद काढायची आणि तिथला वल्द पाहायचा. शोध नेहमी खालून वर जातो, वरून खाली येत नाही. मूळपुरुषाला त्याची पतवंडे किती हे विचारण्यात अर्थ नसतो; पतवंडांनीच आपापल्या वाटेने वर चढत त्याच्यापर्यंत जायचे असते.

वल्दच्या पद्धतीत एक खोच आहे. नातवाला आज्याचे नाव ठेवायची चाल असल्यामुळे ‘रामा वल्द लक्ष्मण’, मग ‘लक्ष्मण वल्द रामा’, मग पुन्हा ‘रामा वल्द लक्ष्मण’ अशी साखळी तयार होते. वर चढणाऱ्या कारकुनाला तिसऱ्या पायरीवर पहिलीच नोंद पुन्हा भेटते आणि रामा हा स्वतःचाच आजा ठरतो. गिटमध्ये बापाची खूण मुलाच्या खुणेत मुरलेली असल्याने असा वेढा पडत नाही. चाळीसही अक्षरे लिहावी लागत नाहीत. लहानशा कामात पहिली सात पुरतात. सातचा आकडा इथून पुढे पुन्हा पुन्हा भेटेल.

आता मुख्य प्रश्न: हा पूर्वज हवा कशाला? उत्तर बांधावर मिळते. थोरल्याच्या कागदावर बांधाची एक रेघ आहे. धाकट्याच्या कागदावर तीच रेघ हातभर पूर्वेला आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून रात्रभर कंदील जाळला तरी बांध कोणी सरकवला हे समजत नाही. फरक आहे एवढेच समजते. नांगरटीच्या वेळी थोरल्याने एक तास जास्त धरले असेल, धाकट्याने धरले असेल किंवा दोघांनीही दोन वेगळ्या वर्षी तेवढेच पुण्य केले असेल. हे सोडवायला तिसरा कागद लागतो, वाटणीच्या आधीचा. भूमी अभिलेख कार्यालयातले जुने टिपण निघाले आणि त्यातली रेघ थोरल्याच्या रेघेवर बसली, की थोरला जागचा हललेला नाही आणि हलला तो धाकटा, हे उघड होते. दोन प्रती आणि त्यांचा पूर्वज अशा तीन कागदांची ही ताडणी म्हणजेच तिहेरी मर्ज. पूर्वज पूजेसाठी शोधत नाहीत. भांडण सुरू होण्याआधीच तो आटोपलेला असल्यामुळे सगळ्या भावकीत तो एकटाच कोणाच्या बाजूचा नसतो, म्हणून शोधतात.

इथपर्यंत गिट आणि दिवाणी न्यायालय बरोबर चालतात. निकालाला मात्र दोघांची फारकत होते. न्यायालयात बांध हलवणारा हरतो. गिटमध्ये हलवणाऱ्याचेच खरे धरतात. ज्याने ओळ पूर्वजाच्या वेळी होती तशीच ठेवली, त्याला त्या ओळीबद्दल काही म्हणायचे नव्हते, असा अर्थ तिथे घेतला जातो. एकाने बदलले आणि दुसरा गप्प राहिला, तर बदल मंजूर. दोघांनी हुबेहूब तोच बदल केला, तरीही मंजूर. दोघांनी एकाच ओळीत दोन वेगळे बदल केले तर मात्र गिट हात वर करते. त्या स्थितीला कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

पूर्वज जवळचाच का हवा, हेही यातूनच निघते. फार वर चढले तर कोणीही कोणाचा भाऊबंद ठरतो आणि सगळी वाट शेवटी मनूपाशी जाते. मनूच्या वेळी बांध कुठे होता हे समजून धाकट्याच्या खटल्याला काडीचा उपयोग नसतो. जितका वरचा पूर्वज घ्यावा, तितके मधल्या काळात दोघांनी मिळून केलेले बदलही वादात ओढले जातात: एकत्र असताना खोदलेली विहीर, एकत्र असताना काढलेले कर्ज, एकत्र असताना विकलेले बैल. म्हणून व्याख्या अशी: जो समाईक आहे आणि ज्याच्या वंशजांत दुसरा कोणी समाईक नाही, तो उत्तम समाईक पूर्वज. ‘उत्तम’ हा शब्द गिटच्या माहितीपत्रकात चारित्र्यासाठी वापरलेला नाही, जवळिकीसाठी वापरला आहे.

गावाला ही व्याख्या तोंडपाठ असते, कारण ती दर महिन्या-दोन महिन्यांनी लागते. भावकीत कोणी गेले की पहिला प्रश्न येतो, ‘आपल्याला सुतक येतं का?’ शास्त्राप्रमाणे सात पिढ्यांच्या आत मूळपुरुष एक निघाला तर दहा दिवसांचे सुतक. त्यापुढे चौदाव्या पिढीपर्यंत तीन दिवसांचे. म्हणजे दोन माणसे घ्यायची, दोघांच्या वाटांनी वर चढायचे, वाटा जिथे मिळतात ती पायरी मोजायची. आणि हे सगळे लग्नघरात मांडव पडलेला असताना, बुंदी पाडायला आचारी बसलेला असताना, अर्ध्या तासात. अशा वेळी पूर्वज आठव्या पिढीत निघावा यासाठी केलेले प्रयत्न गणितात बसत नाहीत, परंतु समजण्यासारखे असतात.

लग्न जुळवतानाही हाच शोध कायद्याने सांगितला आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे बापाच्या बाजूने पाच आणि आईच्या बाजूने तीन पिढ्यांच्या आत पूर्वज एकच निघाला, तर दोघे एकमेकांचे सपिंड. मोजणी स्वतःपासून धरायची. सपिंडांचा विवाह चालत नाही, पण रूढी परवानगी देत असेल तर चालतो. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्नाची रूढी जुनी असल्यामुळे कायद्याचे हे कलम मांडवात येते, पाटावर बसते, जेवते आणि निघून जाते.

आता शोधाची रीत. दोन्ही कमिट एका रांगेत उभे करतात. एकाच्या कपाळी कुंकू लावतात, दुसऱ्याच्या हळद. रांगेतला वयाने सर्वांत धाकटा पुढे घ्यायचा, त्याच्या कपाळी जे असेल ते त्याच्या बापाला लावायचे, बापाला रांगेत घ्यायचे आणि धाकट्याला मोकळे करायचे. मग पुन्हा उरलेल्यांतला धाकटा. असे करत करत ज्याच्या कपाळी हळद आणि कुंकू दोन्ही आले तो समाईक. त्याला उत्तर म्हणून बाजूला काढतात. पण त्याचे बापजादेही ओघाने समाईकच असणार. त्यांनी ‘आम्हीही आहोत’ म्हणून पुढे येऊ नये यासाठी त्यांना तिसरी खूण करतात. प्रणालीच्या मूळ लिखाणात या खुणेला जो इंग्रजी शब्द आहे, त्याचा रोकडा मराठी अर्थ ‘शिळा’. रांगेत नुसते शिळेच उरले की शोध संपला.

धाकट्यापासून सुरुवात करण्याचे कारण साधे आहे. एखाद्या आज्याला त्याच्या सगळ्या नातवांकडून खुणा येऊन पोचायच्या आतच रांगेतून मोकळे केले, तर तो नीट तपासला जात नाही आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो. घरोघरी वाढणाऱ्याला हे माहीत असते: मुले जेवल्याशिवाय म्हाताऱ्यांची पंगत बसवत नाहीत.

या रीतीचा सगळा भार वयावर आहे, आणि वय कमिटवर लिहिलेल्या तारखेवरून धरायचे. तारीख लिहितो कमिट करणाऱ्याचा संगणक. त्याचे घड्याळ चुकले असेल, तर मुलगा बापाआधी जन्मतो. जालन्याला हे ऐकून धक्का बसत नाही. इथल्या एका पिढीची निम्मी मुले शाळेच्या दाखल्याप्रमाणे १ जूनला जन्मलेली आहेत. नाव घालायला आणलेल्या पोराकडे पाहून गुरुजींनी वयाचा अंदाज केला, शाळा जूनमध्ये सुरू होते एवढे ध्यानात घेतले आणि जन्म दिला. एकाच घरात तीन भावांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि एखाद्याची खरी तारीख लागली असेल, तर दोघांत पाचच महिन्यांचे अंतर निघते. निजामी कागदांत आणखी एक वळण आहे. तिथे सन फसली असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३२५ फसलीची नोंद म्हणजे १९१५ च्या आसपासची. हे न मिळवता वाचले, तर पणजोबांच्या जन्माच्या वेळी देवगिरीचे यादव नुकतेच बुडालेले असतात आणि घराण्याची प्रतिष्ठा एकदम सहाशे वर्षांनी वाढते.

गिटने यावर काढलेला तोडगा गावाच्या ओळखीचा आहे: तारखा सोडायच्या, पिढ्या मोजायच्या. ज्याला बाप नाही त्या पहिल्या कमिटचा क्रमांक एक. पुढच्या प्रत्येकाचा क्रमांक बापाहून एकाने जास्त आणि बाप दोन असतील तर मोठ्या क्रमांकाच्या बापाहून एकाने जास्त. मोठा क्रमांक असलेला कमिट लहान क्रमांक असलेल्याचा पूर्वज असूच शकत नाही, मग घड्याळ काही म्हणो. या आकड्याचे इंग्रजी नावही शब्दशः पिढी-क्रमांक असेच आहे. २०१८ पासून गिट हे क्रमांक आधीच काढून एका वेगळ्या फाइलीत ठेवू शकते. प्रत्येक वेळी सगळा वंश नव्याने चढावा लागत नाही.

गावात ही फाइल म्हणजे एखादी आजी असते. ओसरीच्या खांबाला टेकून ती शेंगा फोडत बसलेली असते. प्रश्न विचारला की हात न थांबवता उत्तर येते: ‘त्यांचा आजा अन् तुझा पणजा चुलत भाऊ. वाडा पडला तवा ते वाडीला गेले.’ तारीख विचारली तर सांगता येत नाही. पिढी मात्र कधी चुकत नाही. भावकीतले पाच पुरुष तासभर आकडेमोड करून जे उत्तर काढतात ते पुढे पडताळणीसाठी तिच्याकडेच येते. गंमत एवढीच, की ज्या वंशावळीचा सगळा तपशील तिच्या तोंडी असतो, त्या वंशावळीच्या कागदावर तिचे नाव नसते.

त्याचे कारण दोन बाप असलेल्या कमिटमध्ये सापडते. दोन फांद्या एकत्र आल्या की जो कमिट तयार होतो त्याला दोन पालक असतात. हे समजायला जालन्यात सीड प्लॉटवर जावे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि शहराला बियाण्याचे शहर म्हणून ओळख मिळाली. संकरित कापसाच्या प्लॉटवर मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या ओळी वेगळ्या. दोन्ही वाण ठाऊक असल्याशिवाय पिशवीतल्या सरकीचा भरवसा नाही. गिटही दोन्ही पालक लिहून ठेवते, फक्त एकाला पहिला म्हणते आणि दुसऱ्याला दुसरा. इतिहास वाचताना ‘फक्त पहिल्या पालकाच्या वाटेने जा’ अशी आज्ञा देता येते. माणसांच्या वंशावळी पूर्वापार याच आज्ञेने काढल्या जातात. बियाण्याच्या बाबतीत जालनेकर ही चूक कधी करत नाहीत.

दुसरी वाट सोडली की काय हरवते, हे जिल्ह्याच्याच उदाहरणावरून दाखवता येते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून आले. परतूर परभणीतून आला. म्हणजे जालना हा दोन पालकांचा जिल्हा आहे. आजचा जालना आणि आजचा छत्रपती संभाजीनगर यांचा उत्तम समाईक पूर्वज काढला, तर ३० एप्रिल १९८१ चा औरंगाबाद जिल्हा येतो. हैदराबाद संस्थानही दोघांना समाईक आहे, पण ते शिळे. हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी निघाला. जालना आणि हिंगोली यांचा समाईक पूर्वज ३० एप्रिल १९८१ चा परभणी जिल्हा. मात्र फक्त पहिल्या पालकाच्या वाटेने वर चढणाऱ्याला परतूर दिसत नाही, परभणीही दिसत नाही. तो थेट हैदराबादपर्यंत जातो आणि दमून परत येतो.

शोधाचे काही ठरावीक प्रकार आहेत. पहिला सर्वांत सोपा: दोघांतला एक दुसऱ्याचाच पूर्वज असतो. गिटमध्ये प्रत्येक कमिट स्वतःचाही पूर्वज धरला जातो, त्यामुळे बाप आणि लेक यांचा समाईक पूर्वज बापच. तिथे मर्ज करण्यासारखे काही नसते. नव्याने जुन्याच्या जागी येऊन बसायचे. घरोघरी हा प्रकार बाप हयात असेपर्यंत टळतो आणि मग गाव नमुना सहा-क च्या वारस नोंदीत एकदम येतो.

दुसरा प्रकार साट्यालोट्याचा. एका घराने आपली मुलगी दुसऱ्या घरात दिली आणि त्याच मांडवात त्या घराची मुलगी सून करून आणली. या दोन जोडप्यांच्या मुलांचा जवळचा समाईक पूर्वज कोण? दोन्हीकडचे आजे समाईक आहेत, दोघेही सारखेच जवळ आहेत आणि दोघांतला कोणी दुसऱ्याचा पूर्वज नाही. गिटमध्ये दोन फांद्यांनी एकमेकींना आडवेतिडवे आपल्यात घेतले की असेच होते आणि मर्ज-बेस एक न निघता दोन निघतात. एकाची बाजू घेतली तर दुसरा रुसतो, हे गिटच्या रचनाकारांना भावकीचा अनुभव नसताना समजले ही कौतुकाची गोष्ट आहे. त्यांनी तोड काढली ती अशी: दोन्ही आज्यांचेच आधी मर्ज करायचे आणि त्यातून एक मानलेला आजा तयार करायचा. आज्यांच्या मर्जलाही समाईक पूर्वज लागतो. तेही दोन निघाले तर त्यांचेही आधी मर्ज. असे वर वर जात, मग खाली येत, शेवटी मूळ दोघांचे काम होते. मानलेल्या आज्याची नोंद इतिहासात कुठेच राहत नाही. काम झाले की तो नाहीसा होतो, जे खऱ्या आज्यांना जमत नाही.

तिसरा प्रकार दत्तकाचा. ‘रिबेस’ या आज्ञेने एखादी फांदी तिच्या मूळ बापापासून सोडवून नव्या बापाला जोडतात. खूण बापावर अवलंबून असल्यामुळे दत्तक गेलेल्या प्रत्येक कमिटला नवी खूण मिळते. मजकूर तोच, माणूस कागदावर दुसरा. मग साध्या रीतीने समाईक पूर्वज काढला तर जुने नाते दिसत नाही. १९५६ च्या दत्तक कायद्याने हा पेच आधीच ओळखला होता: दत्तक गेलेल्याचे जन्मघराशी नाते तुटते, पण जन्मघरात ज्याच्याशी लग्न निषिद्ध होते ते दत्तकानंतरही निषिद्धच राहते. गिटनेही ‘फोर्क-पॉइंट’ नावाची सोय ठेवली आहे. ती फांदी पूर्वी कुठे कुठे उभी होती याची खाजगी रोजनिशी उघडते आणि मूळ ताटातूट शोधते. ही रोजनिशी ज्याच्या त्याच्या संगणकापुरती असते. गावात तिला ‘म्हणे’ म्हणतात.

चौथा प्रकार समाईक पूर्वज नसण्याचा. दोन जाधव एसटीत शेजारी बसले म्हणजे भाऊबंद होत नाहीत. कूळ विचारले जाते, देवक विचारले जाते आणि जालना येईपर्यंत आडनावाखेरीज काहीही समाईक निघत नाही. गिट आडनाव विचारातच घेत नाही. दोन्ही वाटा वरपर्यंत चढूनही मिळाल्या नाहीत, तर असंबंधित इतिहास एकत्र करायला ते २०१६ पासून साफ नकार देते. वेगळा हुकूम दिला तरच करते. पण याच प्रकाराचा एक फसवा जुळा आहे. पूर्वज असतो, हाताशी असलेली प्रत तेवढी वर जात नाही. जागा आणि वेळ वाचवण्यासाठी गिटमध्ये शेवटच्या काही कमिटपुरती उथळ प्रत घेता येते. पणजोबांच्या पुढचे नाव न आठवणारी पिढी ही तीच प्रत. तिच्याकडे ‘समाईक कोणी नाही’ या उत्तराचा अर्थ एवढाच, की वही संपली.

अशा वेळी पुरी प्रत असलेल्या ठिकाणी जावे लागते. अस्थी घेऊन नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाला तिथले तीर्थोपाध्याय वही उघडून आज्याचे आणि पणज्याचे नाव वाचून दाखवतात, आणि आता आलेल्याचे नाव खाली लिहून घेतात. गावचा वाडा पडला, पेटी कसर लागून गेली, तरी तिकडची प्रत शाबूत असते.

२०२३ पासून जालना जिल्ह्यात हा शोध घरगुती राहिला नाही. त्या वर्षी २९ ऑगस्टला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले. पाठोपाठ मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे कोतवाल बुके, खासरा पत्रके आणि शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली. कागद मोडीत, उर्दूत, फारसीत. पूर्वज जागेवर होता, त्याला वाचणारा शोधावा लागत होता. मोडी वाचणाऱ्याला इतका मान पेशवाईनंतर प्रथमच मिळाला असावा.

नोंद थेट आज्याच्या किंवा पणज्याच्या नावची निघाली तर प्रश्न हो-नाहीचा असतो: हा त्याचा पूर्वज आहे काय? गिटमध्ये एवढेच विचारणारी वेगळी आज्ञा आहे. पण नोंद चुलत पणज्याच्या नावची निघाली, तर पुरा मर्ज-बेस काढावा लागतो: अर्जदारापासून वर, नोंदवाल्यापासून वर, दोन्ही वाटा एका माणसापाशी मिळवायच्या. तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला लेखनिक फुलस्केप कागद आडवा धरतो, वर मधोमध मूळपुरुषाचे नाव लिहितो आणि पट्टी न घेता खाली रेघा सोडतो. नावाखाली ‘मयत’, एखाद्या रेघेच्या टोकाला ‘निपुत्रिक’. सून कुठेच नाही, लेक क्वचित. एक रेघ दुसऱ्या घराकडे वळली की भोवती उभे असलेले चौघे एकदम बोलू लागतात आणि कागद फाडून नवा घेतला जातो. शेवटी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र होते. जी खात्री गिट खुणेच्या गणिताने देते, ती इथे शपथेवर दिली जाते.

पूर्वज सापडला की मर्ज-बेसचे काम संपते. उत्तर म्हणून गिट एक ओळ देते, चाळीस अक्षरांची. त्या कमिटने काय चांगले केले, काय वाईट केले, याबद्दल ती काही म्हणत नाही. पुढचे भांडण ज्याचे त्याने निस्तरायचे असते. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदललेली असली, तर गिट फाइलीत त्या ओळीच्या जागी वर सात खुणा काढते, त्याखाली आमचे लिहिते, मधे बरोबरच्या सात चिन्हांचा बांध घालते, त्याखाली त्यांचे लिहिते आणि पुन्हा सात खुणांनी बंद करते. मागणी केल्यास दोघांच्या मधोमध पूर्वजाची मूळ ओळही मांडून दाखवते. ती वाचून एक मजकूर ठेवायचा, बाकीचा पुसायचा आणि बांध काढून टाकायचा, हे काम माणसाचे. फाइलीतला हा बांध काढायला मोजणीचा अर्ज लागत नाही, नोटीस लागत नाही, आणि तो काढल्यावर चुलत्याने बोलणे सोडल्याचे उदाहरण नाही.